डिप्लोमा झाला, आता दोन वर्षांत नर्सिंगची पदवी



या पानावर आपण एरवी रक्तक्षय, डेंग्यू, बाळाच्या लसी असे विषय घेतो. या वेळचा विषय आजाराचा नाही, आजाऱ्याच्या खाटेशी उभ्या असणाऱ्या मुलीचा आहे. आपल्या बौद्धवाड्यांत आणि शहरातल्या वस्त्यांत जी.एन.एम. झालेल्या मुली आता बऱ्याच आहेत. कुणी रत्नागिरीतल्या खासगी रुग्णालयात आहे, कुणी चिपळूणला, कुणी विरार-नालासोपाऱ्याला खोली घेऊन तीन पाळ्यांत राबते आहे. त्यांच्या आईवडिलांकडून आम्हा परिचारिकांना वर्षातून दहा वेळा तरी एकच प्रश्न येतो. डिप्लोमा झाला, नोकरी लागली, आता परत शिकायचे कशाला? आणि शिकायचेच तर परत पहिल्यापासून चार वर्षे का?

चार वर्षे लागत नाहीत. जी.एन.एम. झालेल्या मुलीसाठी पदवीचा वेगळा, दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. त्याचे नाव पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग. आधी घेतलेले तीन वर्षांचे शिक्षण जमेस धरून वरचा भाग तेवढा शिकवायचा, अशी त्याची रचना. आपल्या देशात हा प्रकार नवा नाही. त्रिवेंद्रमला १९६३ साली डिप्लोमाधारक परिचारिकांसाठी दोन वर्षांचा पदवी अभ्यासक्रम सुरू झाला होता. तरीही आपल्याकडे घराघरांत त्याची माहिती नाही.

इथे एक घोटाळा आधीच सोडवू. अमेरिकेत दुसऱ्या कोणत्याही विषयाच्या पदवीधराला बारा ते अठरा महिन्यांत नर्सिंगची पदवी देणारे वेगवान अभ्यासक्रम आहेत. मोबाइलवर त्यांचे व्हिडिओ पाहून बी.ए. झालेल्या मुली आम्हाला विचारतात की आम्हालाही असे करता येईल का. भारतात तशी सोय नाही. बी.ए., बी.कॉम. झालेल्या मुलीला नर्स व्हायचे असेल तर तिला जी.एन.एम.ची तीन वर्षे करावी लागतात. बारावी विज्ञान शाखेतून भौतिक, रसायन व जीवशास्त्र घेऊन झाली असेल तर चार वर्षांचे बी.एस्सी. नर्सिंग करता येते. जी.एन.एम.ला मात्र कला शाखेची बारावीसुद्धा चालते, इंग्रजी विषय आणि किमान ४० टक्के गुण असले म्हणजे झाले. वस्तीतल्या किती मुली "आर्ट्सला गेले, आता नर्स होता येणार नाही" म्हणून घरी बसल्या आहेत, याची गणती कुणीतरी करायला हवी.

ए.एन.एम. झालेल्या भगिनींनीही हे लक्षात घ्यावे. ए.एन.एम. हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, त्यावरून थेट पोस्ट बेसिकला जाता येत नाही. आधी जी.एन.एम. करावे लागते. आणि "सहा महिन्यांत नर्स व्हा" असे फलक लावणारे जे वर्ग नाक्यानाक्यावर आहेत, ते रुग्णसहायकाचे प्रमाणपत्र देतात. त्या प्रमाणपत्रावर महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी होत नाही. नोंदणी नाही, म्हणजे कायद्याने ती मुलगी नर्स नाही, मग अंगावरचा गणवेश कितीही पांढरा असो. दागिने गहाण ठेवून भरलेली फी अशा ठिकाणी बुडालेली आम्ही पाहिली आहे. परराज्यातून हजेरी न लावता डिप्लोमा आणून देणारे दलालही फिरत असतात. अशा डिप्लोमाची नोंदणी इथे वर्ग करताना पडताळणी होते आणि मुलगी अडकते, दलाल नाही.

पदवीने नेमके काय बदलते

खरे सांगायचे तर लहान खासगी रुग्णालयात पदवी घेतली म्हणून पगार फारसा वाढत नाही. तिथे मालकाला हात हवे असतात. फरक पडतो तो सरकारी भरतीत, शिकवण्याच्या नोकरीत आणि पुढच्या शिक्षणात.

एम्स रुग्णालयांच्या नर्सिंग ऑफिसर पदासाठी २०२० पासून नॉरसेट ही देशपातळीवरची परीक्षा होते. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे या पदाचे मूळ वेतन ४४,९०० रुपयांपासून सुरू होते. बी.एस्सी. किंवा पोस्ट बेसिक बी.एस्सी. झालेल्या मुलीला तिथे अनुभवाची अट नाही. जी.एन.एम.वर अर्ज करणाऱ्या मुलीला मात्र किमान ५० खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. आपल्या मुली ज्या दहा-पंधरा खाटांच्या नर्सिंग होममध्ये काम करतात, तो अनुभव यात धरला जात नाही. पाच-पाच वर्षे रात्रपाळ्या करून मुलगी फॉर्म भरायला बसते तेव्हा तिला हे कळते. उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी नेमतात, त्या पदाच्या महाराष्ट्रातल्या जाहिरातींतही नर्सिंगची पदवी मागितलेली आपण पाहिली आहे. गावात राहून करता येण्यासारखी ती नोकरी आहे आणि आपल्या वाडीला आपलीच मुलगी आरोग्य अधिकारी म्हणून लाभण्याचा तो मार्ग आहे.

एम.एस्सी. नर्सिंगचे दारही पदवीशिवाय उघडत नाही. यात पोस्ट बेसिकवाल्यांना एक सवलत आहे, ती फार थोड्यांना ठाऊक असते. चार वर्षांची बी.एस्सी. करणाऱ्या मुलीला पदवीनंतर एक वर्ष काम करूनच एम.एस्सी.ला जाता येते. पोस्ट बेसिक करणाऱ्या मुलीचे हे एक वर्ष पदवीच्या आधीचे असले तरी चालते. म्हणजे जी.एन.एम.नंतर तुम्ही जे काम केले ते वाया जात नाही. मात्र त्या अनुभवाचा दाखला रुग्णालयाच्या लेटरहेडवर, तारखांसह, नोकरी सोडतानाच घ्या. दोन वर्षांनी मागायला गेलात तर मेट्रन बदललेली असते.

आता रुग्णाच्या बाजूने. वैद्यकीय क्षेत्रातल्या 'लॅन्सेट' या नियतकालिकात २०१४ साली युरोपातल्या नऊ देशांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ३०० रुग्णालयांतल्या शस्त्रक्रिया झालेल्या चार लाखांहून अधिक रुग्णांची माहिती त्यात तपासली होती. रुग्णालयातील पदवीधर परिचारिकांचे प्रमाण दहा टक्क्यांनी जास्त असेल, तिथे दाखल झाल्यापासून ३० दिवसांत रुग्ण दगावण्याची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी कमी आढळली. त्याच अभ्यासात दुसरी गोष्टही निघाली आणि ती सांगितल्याशिवाय पहिली सांगू नये, असे आमचे मत आहे. एका परिचारिकेवर एक रुग्ण जादा टाकला की हीच शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. तेव्हा पदवीधर परिचारिका नेमली आणि तिच्या अंगावर चाळीस रुग्ण टाकले, तर पदवी काय करणार? डिप्लोमा झालेल्या परिचारिकेच्या हातात काही कमी असते असेही कुणी समजू नये. आम्ही स्वतः डिप्लोमावाल्या आहोत. पदवीत हाताला नवे काही फार शिकवत नाहीत. जे हात करतात ते का करायचे, कधी थांबायचे, डॉक्टरांना कोणत्या शब्दांत आणि किती लवकर कळवायचे, हे शिकवतात.

कागदपत्रे: खरी परीक्षा इथेच

पोस्ट बेसिकसाठी मूळ अटी सोप्या आहेत. बारावी उत्तीर्ण, जी.एन.एम. उत्तीर्ण, परिचर्या परिषदेत नोंदणीकृत परिचारिका व नोंदणीकृत प्रसाविका अशी दुहेरी नोंदणी, आणि वैद्यकीय तंदुरुस्तीचा दाखला. गेली काही वर्षे महाराष्ट्रात हे प्रवेश राज्याच्या सीईटी कक्षामार्फत होतात. परीक्षेचा अर्ज, मग गुणवत्ता यादी, मग पसंतीक्रम भरून केंद्रीय फेऱ्या, अशी पद्धत. तारखा दर वर्षी हलतात, म्हणून कक्षाचे संकेतस्थळ आणि त्या वर्षाची माहितीपुस्तिका हाच आधार धरावा. कुणी व्हॉट्सअॅपवर पाठवलेली तारीख धरू नये.

आपल्या मुली अभ्यासात मागे पडत नाहीत, कागदात मागे पडतात. म्हणून यावर थोडे सविस्तर लिहितो.

पहिली अडचण नावाची. जी.एन.एम.चे प्रमाणपत्र माहेरच्या नावाचे, आधार सासरच्या नावाचे, बँकेचे पासबुक तिसऱ्याच पद्धतीने लिहिलेले. परीक्षेचा अर्ज ज्या नावाने भराल, तेच नाव पुढे पदवीवर येणार आहे. म्हणून शाळेच्या व डिप्लोमाच्या कागदांवरचे नाव धरून अर्ज करावा, आणि विवाह नोंदणीचा दाखला किंवा नावबदलाचे राजपत्र जोडीला ठेवावे. विवाह नोंदणी ग्रामपंचायतीत, नगरपरिषदेत होते. विहारात मंगल परिणय झाला, फोटो निघाले, पण नोंदणी केली नाही, अशी घरे आपल्याकडे कमी नाहीत. आज आपल्या घरात तपासा.

दुसरी अडचण नोंदणीची. परिचर्या परिषदेची नोंदणी पाच वर्षांनी नूतनीकरण करावी लागते आणि त्यासाठी सातत्यपूर्ण शिक्षणाचे तास दाखवावे लागतात. बाळंतपण, मुलांचे संगोपन यात चार-पाच वर्षे घरी राहिलेल्या भगिनीची नोंदणी बहुधा संपलेली असते. प्रवेशाच्या आठवड्यात हे लक्षात आले तर हातात काही राहत नाही. शिक्षणात खंड पडला असेल तर त्याचे प्रतिज्ञापत्रही लागते.

तिसरी आणि सगळ्यांत मोठी अडचण जात वैधतेची. धर्म बौद्ध लिहिला म्हणजे अनुसूचित जातीची सवलत जाते, असा गैरसमज अजून वाड्यांत आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात १९९० साली दुरुस्ती झाली आणि बौद्ध धर्म स्वीकारलेल्या अनुसूचित जातींच्या लोकांना केंद्रातही अनुसूचित जातीचा दर्जा मिळाला. केंद्राच्या यादीत जातींची नावे आहेत, 'बौद्ध' ही जात नाही. म्हणून केंद्राच्या नमुन्यातल्या दाखल्यावर मूळ जातीचा उल्लेख लागतो. एम्ससारख्या परीक्षेला तो नमुना मागतात, राज्याच्या प्रवेशाला राज्याचा. दोन्ही वेगवेगळे काढून ठेवावेत.

राखीव जागेवरच्या प्रवेशासाठी नुसता जातीचा दाखला पुरत नाही, जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समितीचे वैधता प्रमाणपत्र लागते. त्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वी आपले कुटुंब महाराष्ट्रात राहत होते, याचा आणि जातीचा पुरावा द्यावा लागतो. इथे कोकणातल्या माणसांचे हाल होतात. आजोबा गिरणीत, गोदीत कामाला, वडिलांचा जन्म मुंबईच्या चाळीत, आणि मुंबईच्या घरी जुना कागद एकही नाही. पण गावात असतो. आजोबा किंवा चुलत आजोबा ज्या जिल्हा परिषद शाळेत दोन-चार इयत्ता शिकले, तिथल्या जनरल रजिस्टरचा उतारा मागा. शाळा मुळीच पाहिली नसेल तर गाव नमुना १४, म्हणजे जन्ममृत्यूची जुनी नोंदवही, जिला लोक कोतवाल बुक म्हणतात, ती तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात शोधा. तिथे नावापुढे जात लिहिलेली असते. काही नोंदी मोडी लिपीत असतात, त्यांचे लिप्यंतर जाणकाराकडून करून घ्यावे लागते. वडिलांकडच्या रक्तनात्यात कुणाची वैधता आधी झाली असेल, तर काम पुष्कळ हलके होते. म्हणून चुलत घराण्यात वैधता प्रमाणपत्र कुणाकडे आहे याची यादी प्रत्येक भावकीने करून ठेवावी. मुंबई मंडळाची सभा आणि गाव मंडळाची सभा यांत वर्षातून एकदा एवढा विषय घेतला तरी पुरे.

लग्न झालेल्या मुलीने हे लक्षात ठेवावे की जातीचा पुरावा माहेरचा, वडिलांकडचाच लागतो. नवऱ्याचा दाखला इथे उपयोगाचा नाही. कागद शोधायला माहेरच्या माणसांनी पाय झिजवावेत अशी आमची त्यांना विनंती आहे. हुंड्याऐवजी तेवढे केले तरी लेक जन्मभर नाव काढील.

कॉलेज निवडताना आणि पैशांचे

ज्या कॉलेजचे नाव पसंतीक्रमात लिहाल, त्याला भारतीय परिचर्या परिषद, महाराष्ट्र परिचर्या परिषद आणि नाशिकचे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, या तिघांची मान्यता त्या वर्षासाठी, आणि त्याच अभ्यासक्रमासाठी आहे का ते पाहा. एखाद्या संस्थेला जी.एन.एम.ची मान्यता असते म्हणून पोस्ट बेसिकची असतेच असे नाही. कॉलेजच्या भिंतीवरची चौकट पाहून समाधान मानू नका, परिषदेच्या यादीत नाव शोधा. मुंबईत जे. जे. रुग्णालयाच्या आवारातील नर्सिंग शिक्षण संस्था आणि एसएनडीटी महिला विद्यापीठाचे लीलाबाई ठाकरसी नर्सिंग महाविद्यालय ही जुनी, नावाजलेली ठिकाणे आहेत. सरकारी जागा थोड्या, म्हणून पसंतीक्रमात त्या वर ठेवाव्यात. जवळची खासगी जागा वर लिहिण्याचा मोह होतो, पण गाडीभाड्यात वाचलेले पैसे फीमध्ये जातात.

केंद्रीय फेरीतून मिळालेला प्रवेश आणि व्यवस्थापन कोट्यातला प्रवेश यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. शिष्यवृत्ती आणि फ्रीशिप केंद्रीय फेरीतल्या प्रवेशाला मिळते. "जागा देतो, आत्ता पैसे भरा" असे म्हणणाऱ्याच्या नादी लागून कोट्यातून गेलेल्या मुलीला दोन्ही वर्षांची पूर्ण फी स्वतः भरावी लागते. देणगी मागणे तर १९८७ च्या कायद्याने गुन्हा आहे. खासगी कॉलेजची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते. त्या आकड्यावर गणवेश, प्रयोगशाळा, "विकास" अशा नावांनी जे मागतील त्याची पावती मागा. पावतीचे नाव काढले की बरेचदा आकडा खाली येतो.

कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असेल तर महाडीबीटीवर भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती. त्याहून जास्त असेल तर शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्काची फ्रीशिप. पैसे आधारशी जोडलेल्या बँक खात्यात येतात, आणि त्यातला शिक्षण शुल्काचा भाग मुलीने कॉलेजला भरायचा असतो. हे पैसे आले की घरात कुणाला तरी पत्रे बदलायची असतात, कुणाचा हप्ता थकलेला असतो. ते पैसे आपले नाहीत हे घरातल्या सगळ्यांना आधीच सांगून ठेवावे, कारण शेवटी कॉलेज परीक्षेचा अर्ज अडवते तो मुलीचा. विवाहित किंवा कमावत्या मुलीच्या बाबतीत उत्पन्न कोणाचे धरायचे, हे सहायक आयुक्त, समाजकल्याण यांच्या कार्यालयात आधी विचारावे आणि मगच तहसीलदाराचा दाखला काढावा.

राहण्यासाठी सामाजिक न्याय विभागाची मुलींची शासकीय वसतिगृहे आहेत. तिथे जागा मिळाली नाही तर भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. ती अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठीच आहे आणि २०१६-१७ पासून सुरू आहे. जेवण, राहणे व इतर खर्च मिळून मुंबई-पुण्यासारख्या शहरांत वर्षाला ६० हजार, इतर महानगरांत ५१ हजार आणि बाकी ठिकाणी ४३ हजार रुपये अशी तिची मूळ रचना. गुणांची, उत्पन्नाची व स्थानिक रहिवासी नसण्याची अट असते. वसतिगृहाचा अर्ज केल्याचा पुरावा जपून ठेवा. रक्कम हप्त्यांनी आणि बहुधा उशिरा येते, म्हणून पहिल्या सहा महिन्यांचा खर्च हाताशी धरूनच निघावे.

सरकारी सेवेत असलेल्या भगिनींनी राजीनामा देऊन शिकायला जाऊ नये. सेवांतर्गत प्रतिनियुक्तीसाठी जिल्हा शल्यचिकित्सक किंवा आपल्या कार्यालयप्रमुखामार्फत अर्ज करता येतो. त्यासोबत बंधपत्र लिहून द्यावे लागते, त्यात शिक्षणानंतर किती वर्षे सेवा आणि मोडल्यास किती रक्कम, हे वाचून सही करावी. खासगी रुग्णालयेही बंधपत्र लिहून घेतात आणि काही जण मूळ प्रमाणपत्रे स्वतःकडे ठेवून घेतात. आमच्या ओळखीच्या एका मुलीची केंद्रीय फेरीतली जागा त्यामुळे गेली. कागद तपासायला मूळ प्रती लागतात आणि रुग्णालयाने त्या दोन दिवस उशिरा दिल्या. नोकरीला लागताना मूळ प्रती दाखवा, ठेवायला देऊ नका. द्याव्याच लागल्या तर सही-शिक्क्याची पोच घ्या.

पहिले तीन महिने

प्रवेश झाला की सगळे निर्धास्त होतात आणि इथेच मुलीला खरी सोबत लागते. पहिल्या वर्षी नर्सिंग फाउंडेशन, आहारशास्त्र, जीवरसायन व जीवभौतिकी, मानसशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, माता व बाल आरोग्य, मेडिकल-सर्जिकल नर्सिंग आणि इंग्रजी. दुसऱ्या वर्षी समाजशास्त्र, सामुदायिक आरोग्य, मानसिक आरोग्य, आणि अध्यापन, प्रशासन, संशोधन व संख्याशास्त्र यांची तोंडओळख. सात-आठ वर्षे वॉर्डात काम केलेली मुलगी माता आरोग्यात तरबेज असते, पण जीवरसायनाच्या पहिल्या तासाला तिला रडू येते. कला शाखेतून आलेल्या मुलीने तर एंझाइम हा शब्द परीक्षेपुरताच लिहिलेला असतो. प्रवेशाची वाट पाहण्याच्या काळात आपलीच जी.एन.एम.ची शरीरशास्त्राची पुस्तके काढून रोज तासभर वाचली, तर ही भीती निम्मी होते. वस्तीत कुणी विज्ञानाचा पदवीधर असेल तर त्याने रविवारचा एक तास द्यावा.

सगळे शिक्षण इंग्रजीत असते. बोलणे जमते, अडते ते लिहिणे. जी.एन.एम.ला "रक्तदाब मोजला, डॉक्टरांना कळवले" एवढे लिहून भागते. इथे एका बाळंतिणीची माहिती गोळा करा, तिची अडचण नेमकी कोणती ते ठरवा, काय करणार व का ते लिहा, केल्यावर काय फरक पडला तो नोंदवा, असे सात-आठ पानांचे लिखाण दर आठवड्याला असते. ड्युटीवरच्या नोंदी आजपासूनच पूर्ण वाक्यांत, इंग्रजीत लिहायची सवय लावा.

गणिताचेही तसेच. ५०० मिलिलिटर सलाइन चार तासांत द्यायचे आहे, सेटमधून १५ थेंबांत एक मिलिलिटर पडते, तर मिनिटाला किती थेंब? पाचशेला पंधराने गुणले की ७,५००, त्याला चार तासांच्या २४० मिनिटांनी भागले की सुमारे ३१. वॉर्डात आपण हे डोळ्यांच्या अंदाजाने लावतो आणि अंदाज बहुधा बरोबरही येतो. लहान बाळाच्या किंवा हृदयाच्या रुग्णाच्या बाबतीत मात्र अंदाजाला जागा नाही, आणि परीक्षेत तर मुळीच नाही. मानसिक आरोग्याच्या विषयाला रत्नागिरीच्या मुली घाबरत नाहीत असा आमचा अनुभव आहे. राज्यातल्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक आपल्या गावात असल्यामुळे जी.एन.एम.च्या काळातच त्यांनी तो वॉर्ड पाहिलेला असतो. आता २०२३-२४ पासून रत्नागिरीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले आहे. जिल्ह्यातल्या मुलींना प्रशिक्षित परिचारिका म्हणून परत येण्याजोगी जागा त्यामुळे वाढेल अशी आशा आहे.

तब्येतीचेही पाहा. तंदुरुस्तीच्या दाखल्यासाठी जाल तेव्हा हिमोग्लोबिन तपासून घ्या. आपल्या मुलींत ते कमी निघते, आणि दिवसभर वॉर्ड, संध्याकाळी वर्ग, रात्री लिखाण हे दहा हिमोग्लोबिनवर निभत नाही. हिपॅटायटिस बीच्या लसीचे तीन डोस घेतले नसतील तर प्रवेशाची वाट न पाहता सुरू करा. पहिला आज, दुसरा एक महिन्याने, तिसरा पहिल्यापासून सहा महिन्यांनी. तिसऱ्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी अँटी-एचबीएस ही रक्ततपासणी करतात. आकडा १० किंवा वर असला म्हणजे संरक्षण तयार झाले. पुष्कळ परिचारिका वर्षानुवर्षे सुया हाताळतात आणि ही तपासणी त्यांनी कधीच केलेली नसते.

पदवी हातात आली की ती परिचर्या परिषदेत अतिरिक्त अर्हता म्हणून नोंदवून घ्यावी लागते. विद्यापीठाची गुणपत्रिका कपाटात राहिली आणि नोंद झालीच नाही, तर भरतीच्या कागद-तपासणीत ती भगिनी डिप्लोमाधारकच धरली जाते. त्यासाठीचा अर्ज निकालानंतर लगेच करावा. ज्यांना हा फॉर्म, महाडीबीटीचा अर्ज किंवा वैधतेची कागदपत्रे पाहून हवी असतील, त्यांनी मूळ प्रती, दोन झेरॉक्स संच आणि आधारशी जोडलेला मोबाइल घेऊन आपल्या वस्तीच्या महिला मंडळामार्फत आम्हाला निरोप द्यावा. आजोबांच्या शाळेचे आणि गावाचे नाव आधी विचारून या.